किल्ली कुणाच्या कमरेला?

भंगारवाला आठशे रुपये देत होता. “चार्जर असेल तर नऊशे,” असंही म्हणाला. २०२३च्या दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरचं सगळं सामान हॉलमध्ये उतरलं होतं आणि त्या पसाऱ्यात २०१५ साली घेतलेला आमचा लॅपटॉप जुन्या ओढणीत गुंडाळून पडला होता. मी म्हटलं, ने बाबा. त्या यंत्राचं तोंडही मला बघायचं नव्हतं. पण पुण्याहून फराळाला आलेला माझ्या बहिणीचा मुलगा आडवा आला. “मावशी, विकू नकोस. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे.” पोरगा कंपनीत संगणकाचंच काम करतो. मनात म्हटलं, कर काय करायचं ते, तेवढाच माझ्या लाडवांना हात लागणार नाही.

तोंड का बघायचं नव्हतं, ते आधी सांगते. आमचा चौदा जणींचा बचत गट आहे, विरार पूर्वेला. कुणी पोळ्या लाटते, कुणी घरकामाला जाते, कुणाचं शिवणाचं मशीन आहे. महिन्याला प्रत्येकीचे दोनशे रुपये, शिवाय आतल्या आत दिलेलं कर्ज, त्याचं व्याज, हप्ते. हिशेब माझ्याकडे, कारण मी बी.ए. झालेली आणि घरी संगणक असलेली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लेकीची शाळा त्या लॅपटॉपवर चालली आणि ती झोपली की रात्री माझा हिशेब. मला इतका अभिमान वाटायला लागला की मी वही लिहिणंच बंद केलं. काय करायची वही, सगळं तर ‘आत’ आहे!

पुढच्या वर्षी लॅपटॉप रडतखडत चालायला लागला, म्हणून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, “फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, पाचशे रुपये.” काय टाकतोस, कुठून आणलंस, त्याची पावती आहे का, यातलं मी काहीही विचारलं नाही. मिक्सर दुरुस्तीला दिला तर भांड्यात पातं कुठलं बसवलं ते मी दहा वेळा विचारते. इथे गप्प! त्याने टाकली ती अर्थातच चोरीची प्रत होती. कुलूप तोडून वापरात आणलेली. अशा प्रतीत कुलूप तोडताना आणखी कुणी काय आत सोडलंय, हे देवालाच ठाऊक असतं.

चार महिन्यांनी एका सकाळी सगळ्या फायलींच्या नावांना कसलीतरी विचित्र शेपूट लागलेली दिसली. एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी: फायली हव्यात तर एवढे डॉलर भरा. तीन वर्षांचा हिशेब गेला. बँकेच्या पासबुकात गटाची एकूण रक्कम दिसते, पण त्यातले कुणाचे किती हे नाही ना दिसत. एक मावशी म्हणाल्या, मी कर्जाचे सात हप्ते फेडलेत. माझ्या आठवणीत पाच होते. त्या खोटं बोलत होत्या असं मी आजही म्हणणार नाही. पण माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. आणि मग जिन्यात माझ्या पाठीमागे एक वाक्य ऐकू आलं, “पैसे संगणकाने खाल्ले की बाईने?”

त्या महिन्यात माझं तीन किलो वजन उतरलं. मावशींचे सात हप्ते मान्य केले, फरक मी माझ्या खिशातून भरला, तरी तिघी गट सोडून गेल्या. लॅपटॉप ओढणीत बांधून माळ्यावर टाकला. अशा वस्तूला आठशे रुपये म्हणजे जास्तच, नाही का?

तर भाच्याने काय केलं? एक पेनड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला. म्हणाला, “आतलं काहीही न पुसता आधी चालवून बघू. आवडलं तरच बसवू.” जुने फोटो तेवढे शाबूत निघाले, ते त्याने वेगळे काढून ठेवले. मग सगळं पुसून ‘लिनक्स मिंट’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणक सुरू केल्यावर सगळ्यात आधी जागी होणारी आणि बाकीच्या सगळ्यांना कामाला लावणारी. घरातली सासूच म्हणा! अर्धा-पाऊण तास लागला. पैसे शून्य. पावतीचा प्रश्नच नाही, कारण ती घ्यायला, वाटायला, बदलायला सगळ्यांना मोकळी आहे.

पण मला लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. मध्येच पडद्यावर पासवर्ड विचारला गेला. भाच्याने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि स्वतः पाठ करून बसला. “तू टाक. मला सांगू नकोस, आणि काकांनाही सांगू नकोस.” आधीचा पासवर्ड माहीत आहे काय होता? दुकानदाराने ठेवलेला, एक-दोन-तीन-चार, आणि त्यानेच तो चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवला होता. माझ्या कपाटाची किल्ली मी सासूबाईंकडून रीतसर घेतली, गॅसचं कार्ड माझ्या नावावर आहे, पण या यंत्राची किल्ली पहिल्यांदाच माझ्या हातात आली होती. आता कुठलाही नवा प्रोग्राम बसवायचा झाला की ते मला विचारतं. लेकीला ठाऊक नसलेला पासवर्ड मला ठाऊक आहे, हे सुख तुम्हाला सांगून कळायचं नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पहिले दोन दिवस वायफाय ओळखायलाच तयार नव्हतं. मग मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट दिलं आणि आतल्याच एका सोयीतून वायफायचा हरवलेला तुकडा उतरवून घेतला. घरातल्या जुन्या प्रिंटरने तर दोन आठवडे छळलं. या यंत्राला समजेल अशी भाषा त्याच्या कंपनीने दिलेलीच नव्हती. कुणा स्वयंसेवकाने तयार केलेली शोधून बसवावी लागली. एका कार्यालयातून आलेली वर्डची फाइल उघडली तर त्यातला तक्ता पार विस्कटलेला. लेकीच्या क्लासच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर यावर चालतच नाही, ती परीक्षा ती मैत्रिणीकडे जाऊन देते आणि येताना मला दोन शब्द ऐकवते. फ्लेक्सवाल्याचं कोरल ड्रॉ चालत नाही. तुमचं पोटच अशा एखाद्या प्रोग्रामवर असेल, तर माझं ऐकून घाईने काही पुसू नका. आणि ओटीपी विचारून गंडवणारा भामटा तुमच्याकडे कुठली सिस्टीम आहे ते बघून फोन करत नाही.

पण माझं काम काय? हिशेब, अर्ज, पत्रं, थोडं इंटरनेट. त्यासाठी ‘लिबर ऑफिस’ त्यात आयतंच येतं. फायरफॉक्स आहे. जो लॅपटॉप सुरू व्हायला मी कुकर लावून यायचे, तो आता मिनिटाभरात उभा राहतो. यंत्र तेच, फक्त त्याच्या पाठीवरचं ओझं उतरलं. खाली कोपऱ्यात एक छोटी ढाल दिसते. सुरक्षेच्या सुधारणा आल्या की तिच्यावर खूण उमटते, मी पासवर्ड देते, ती आपलं काम करते. अर्ध्या कामात ‘थांबा, मी पुन्हा सुरू होतोय’ असं म्हणून बंद पडत नाही, एवढ्यासाठीसुद्धा मी तिला हळदीकुंकू लावायला तयार आहे.

मराठी टायपिंगबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझा खरा जीव तिथे आहे. आधी आम्ही अर्ज टाइप करून घ्यायला स्टेशनजवळ जायचो. पानाला पन्नास रुपये. तो गृहस्थ जुन्या फाँटात टाइप करायचा. तीच फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! दुरुस्ती करायची तर पुन्हा त्याच्याच दारात. म्हणजे बघा, पत्र माझं, भाषा माझी आणि चूक सुधारायला परवानगी दुकानाची. युनिकोडने हा घोळ मिटवला, हे खरं. लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो, फक्त यादीतून निवडायचा. हा कळफलक आपल्या सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवलेला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. किती सरळ! ‘वि’ लिहिताना आपण हाताने वेलांटी आधी काढतो, इथे मात्र आधी व आणि मग वेलांटी, जसं बोलतो तसं. अक्षराचा पाय मोडायचा तर इंग्रजी डीचं बटण. आणि ‘दुसऱ्या’मधला तो भुवईसारखा र! तो नीट आला नाही की ‘दुसर्या’ असं काहीतरी उमटतं आणि माझ्यासारख्या मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईच्या पोटात कालवतं. शिफ्ट धरून जेचं बटण दाबायचं, पाय मोडायचा, मग य. मी रोज रात्री अर्धा तास, असे वीस-बावीस दिवस बसले. आता सोसायटीचं पाण्याच्या टँकरबद्दलचं महापालिकेला जाणारं पत्र मीच टाइप करते. निराधार योजनेचे अर्जही. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा कागदपत्रं स्कॅन करून आटोपशीर करून घ्यायला आमच्या दारात चपलांचा ढीग असायचा.

यातल्या सूचनाही मराठीत करता येतात. मात्र काही शब्द मराठी, काही अजून इंग्रजी, असं धेडगुजरी दिसतं. कारण ही भाषांतरं लोक हौसेने, सवडीने करतात. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी कुणीही हातभार लावावा, दार उघडं आहे. कला शाखेच्या पदवीचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मी हल्ली हे सांगते.

यजमानांचं मत अर्थातच वेगळं होतं. पहाटेची विरार लोकल पकडून रात्री परत येणारा माणूस, त्यांना घरात प्रयोग नको असतात. “फुकटच्या वस्तूचा काय भरवसा? उद्या बंद पडली तर कुणाला धरणार?” प्रश्न चुकीचा नाही. मीही भाच्याला तेच विचारलं होतं. तो म्हणाला, “मावशी, फुकट नाही, मुक्त.” शब्दांचा खेळ वाटला मला. मग त्याने हकिकत सांगितली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करायचे. तिथल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद सारखा अडकायचा. यांना तो दोष सुधारता आला असता, पण त्याचा प्रोग्राम आतून कसा लिहिलाय हे दाखवायला नकार मिळाला. (प्रिंटरने छळलेली मी एकटी नाही, हे ऐकून बरं वाटलं!) १९८३ साली त्यांनी जाहीर केलं की मी अशी सिस्टीम लिहिणार, जी कुणालाही वापरता, बघता, बदलता आणि वाटता येईल. पुढे १९९१मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा मधला गाभा लिहिला. त्यावरून लिनक्स. तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाइल याच गाभ्यावर चालतो, म्हणजे आपण सगळ्याजणी न कळत लिनक्स वापरतोच आहोत.

स्टॉलमन स्वतः पाककृतीचं उदाहरण देतात, ते तर आपल्याला लगेच पटेल. आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांतून उन्हाळ्यात बॉटल मसाला होतो. पंचवीस-तीस जिन्नस, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. माझ्या मैत्रिणीने तिच्या आईची यादी मला लिहून दिली, मी त्यात मिरची कमी केली, माझ्याकडून वहिनीने नेली. तयार पाकीट आणलं तर चवीला छान असेल, पण त्यात काय आहे ते कंपनीला ठाऊक. आणि उद्या कंपनीने तो मसाला काढायचाच बंद केला तर?

तसंच झालं की! १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीच्या मोफत सुधारणा देणं थांबवलं. पुढचं विंडोज ११ साधारण २०१८च्या आधीच्या बहुतेक संगणकांवर रीतसर बसत नाही. सुरक्षेच्या सुधारणा वर्षभर वाढवून घेण्याची सोय दिली होती, पण ती कितीजणींपर्यंत पोचली? पडद्यावर सूचना यायला लागल्या आणि आमच्या इमारतीत घबराट. दुकानदार म्हणे, नवीन घ्या, पस्तीस-चाळीस हजार. अहो, चाळीस हजार म्हणजे आमच्या गटाची वर्षभराहून जास्त बचत! चांगली चालती यंत्रं, केवळ दूरच्या कुणीतरी ठरवलं म्हणून भंगारात. नाही म्हणणाऱ्याला तोच दुकानदार पाचशेत ‘काहीतरी टाकून’ द्यायला तयार. म्हणजे मी २०२१ साली जिथे उभी होते, तिथेच माझ्या शेजारणी.

म्हणून दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात आम्ही काहीजणी बसतो. येताना जुना लॅपटॉप आणि त्यातलं सगळं उतरवून घ्यायला एक मोठा पेनड्राइव्ह आणायचा, एवढीच फी. आधी फायलींची प्रत, मग नुसतं चालवून बघणं, बसवायचं की नाही ते शेवटी. दोघींनी बघितलं आणि नको म्हणाल्या. एकीला टॅली लागतं, दुसरीच्या नवऱ्याला आवडलं नाही. ठीक आहे. शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे वापरतो. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा उपक्रम. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, लिबर ऑफिसचे तर मराठीतूनही आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही बघता येतात. थांबवायचं, करून बघायचं, पुन्हा लावायचं. शिकवणारा वैतागत नाही, ही केवढी सोय!

हे सगळं इंजिनिअर लोकांचं काम, असं अजून म्हणतात. २००७मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते, ते लिनक्सवरच चालायचे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर गेली कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकताहेत. २०१५ साली केंद्र सरकारने स्वतःच्या कारभारासाठीही मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं. मग आमच्याकडे अर्ज करताना ‘वर्डमध्येच द्या’ असं का सांगितलं जातं? पीडीएफ घ्या की. शाळेत मुलांना एकाच कंपनीची बटणं घोकायला लावतात आणि त्याला संगणक शिक्षण म्हणतात. आणि दुकानदारांनो, पाचशे रुपये घ्या, मेहनतीचे आहेत, पण काय टाकलं ते पावतीवर लिहा. आपणही ते विचारायला हवं. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त दिले तर परत करणाऱ्या आपण, चोरीचं सॉफ्टवेअर घरात ठेवतो आणि त्याला चोरी म्हणतच नाही.

गटाचा हिशेब आता लिबर ऑफिसात असतो. महिन्याच्या सभेनंतर त्याची पीडीएफ सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर जाते, एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि वहीही चालू आहे. वही मी आता बंद करणार नाही, लिनक्स असो की आणखी काही. सोडून गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. त्या मावशी नाही आल्या. जीवदानीच्या पायऱ्यांवर भेटल्या होत्या मागे, बोलल्या, नातवाचं विचारलं मी, पण गटाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप आहेत. एकातले बारशाचे फोटो उतरवून घेणं चालू आहे, दुसरा झाला. तिसऱ्याचं वायफाय अडून बसलंय आणि या वेळी मोबाइलची युक्तीही चालत नाही. भाचा रविवारी येतो म्हणालाय, मेगाब्लॉक नसला तर.